चौथी ओळ

नाय नाय, मला सांगा, चूक माझी आहे का? अख्ख्या घरादाराने मिळून माझी डिग्री खाल्ली, आणि वर मलाच विचारतात, "अक्षदे, तोंड का गो पाडलंस?" तोंड पाडू नको तर काय करू... नाचू?

तुम्हाला सांगते, मी शिकते हॉर्टिकल्चर. फळं, फुलं, भाजीपाला. चार वर्षं विद्यापीठात. आमच्याकडे खर्डीला हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न, "म्हंजे माळीण होणार?" आणि दुसरा, "मंग आमचा मोगरा का फुलत नाय?" कान किटले ऐकून! पण ते सोडा, ते मी सोसलं. शहापूरच्या एका नर्सरीवाल्याने सांगून ठेवलं होतं, "मॅडम, डिग्री घेऊन या, दुसऱ्या दिवसापासून कामावर." मॅडम म्हणाला हो मला! आयुष्यात पहिल्यांदा!

राहिली होती फक्त शेवटची परीक्षा आणि शेवटचा प्रोजेक्ट. मी घेतली भेंडी. आमच्या शहापूर-मुरबाडकडे भात कापलं की शेतात भेंडीच, दुसरं काय घेणार? बाबांच्या शेतात चार ओळी लावल्या. पहिलीला शेणखत, दुसरीला गांडूळखत, तिसरीला दुकानातलं खत, आणि चौथीला... काही नाही. नुसतं पाणी. तिला म्हणतात कंट्रोल. बाकीच्या तिघी किती वाढल्या ते हिच्याशी ताडून बघायचं. ही उपाशी, म्हणून त्या जेवलेल्या कळतात. अहो, उपाशी ठेवायचं असतं तिला! ह्यात न कळण्यासारखं काय आहे?

दर रविवारी टेप घेऊन मी उंची मोजायची. तीन आठवडे बरोबर. चौथ्या आठवड्यात बघते तर चौथी ओळ तिसरीच्या खांद्याला! मी म्हटलं, टेप चुकली. पाचव्या आठवड्यात ती तिसरीच्या डोक्यावर! खाली वाकले तर बुंध्यात राख. आणि वास कसला? तांदळाच्या धुवणाचा!

"आई!"

"काय गो वरडतेस?"

"चौथ्या ओळीला काय घातलंस?"

"खत नाय घातलं हां! तू पाटी लावलीस ना, खत घालू नये म्हणून? मी वाचली. खताला हात नाय लावला. धुवण घातलं. राख घातली. धुवण काय खत हाय?"

आता ह्या बाईला काय बोलायचं? वर डोळ्याला पदर. "तिघींना जेवाय घालतेस नि एकीला नुसतं पाणी... माझ्यानं नाय बघवत गो." अगं आई, ती भेंडी आहे! भेंडी! तुझी मुलगी मी आहे! मी रात्र-रात्र बसून आकडे लिहिते, ते बघवतं तुला?

म्हटलं, जाऊदे, बाबांना सांगू, बाबा शहाणे आहेत. कसले शहाणे! बाबा म्हशाच्या जत्रेला गेले आणि तिथे कुणीतरी त्यांना गाठलं. "काय अनिल, पोरगी झाडांना उपाशी ठेवते म्हणे? घरात काय भांडान हाय का?" झालं! आमच्या बाबांची इज्जत गेली! जत्रेतून माणूस आला तो थेट शेतात, आणि मूठ-मूठ युरिया... कुठे? चौथीला! मी म्हटलं, बाबा, उपाशी ठेवायचं असतं तिला! तर शांतपणे मला म्हणतात, "बाय, तू इसरलीस असंल. मी म्हटलं आपणच घालू, पोरीच्या मार्कांचा सवाल हाय."

हसू नका! हसण्यासारखं काय आहे त्यात?

मग आले विद्यापीठाचे बाहेरचे सर, तपासायला. चौथी ओळ माझ्या छातीला लागलेली. सरांनी एक भेंडी तोडली, टोक मोडून बघितलं, कट्ट! कोवळी! "हिला काय दिलंत?" मी खाली बघून म्हटलं, "काही नाही सर." तेवढ्यात मागून चहाचा ट्रे घेऊन आमच्या मातोश्री! "काय नाय कसं, साहेब? मी रोज घालते. ह्यांनी पण घातलं. उपाशी ठेवाय आमी काय तसली माणसं हाव काय?" सरांनी चहा प्यायला. सगळा प्यायला. आणि म्हणाले, "प्रयोग बाद. उन्हाळी भेंडी लावा, नव्याने करा. शेवटची संधी."

शेवटची संधी! संताप कसा असतो माहितीये? डोळ्यांतून पाणी येतं आणि हात टेप फेकायला शोधतो. नर्सरीवाल्याला फोन केला, तो म्हणाला, "मे अखेरपर्यंत थांबतो, मॅडम." मॅडम थोडं हळू म्हणाला ह्या वेळी.

मग मी डोकं चालवलं. म्हटलं, माया जिथे आहे तिथे कंट्रोल राहणार नाय. वैर असलेलं शेत पाहिजे! आणि ते आमच्याकडे आहे. लडकूकाका, बाबांचा सख्खा चुलतभाऊ. बांधावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलणं नाय. मी जाऊन जागा मागितली. काकाने लगेच दिली, बाबांना खिजवायला! चारही ओळी तिकडे. मी निर्धास्त. आमच्या घरचं कुणी तिथे पाय ठेवणार नाय, आणि काका कशाला घालतोय आमच्या झाडाला काही?

चार आठवडे सगळं बरोबर. मग दोन आठवडे कॉलेजात परीक्षेला गेले. काल आले. थेट शेतात गेले आणि... नाय हो, सांगवत नाय मला! चौथी ओळ! हिरवीगार! लदलेली! बुंध्यात शेणखत, त्यावर पेंढा अंथरलेला, उन्हाला कुडाचा आडोसा!

"काका! उपाशी ठेवायचं असतं तिला!"

काका बांधावर उभा, कमरेला हात. "तुझ्या बापाने त्याच्या शेतात खाया घातलं नि माझ्या शेतात ती उपाशी मेली, असं बोलतील लोकं! अकरा वर्षं नाक वर ठेवलंय मी. तो मूठभर घालतो, मी पाटीभर घालीन!"

मी खालीच बसले. ढेकळात. सहा आठवडे गेले, हंगाम गेला, डिग्री गेली, मॅडमपण गेलं. रडले पण, खोटं कशाला सांगू. तर काका जवळ आला, माझ्याकडे बघितलं, आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अगो ऐकलंस का, पोरगी वाळली पार! ताट वाढ!"

वाढलं. तांदळाची भाकरी आणि भाजी. पहिला घास घेतला आणि विचारलं, "काका, ही भेंडी कुठली?"

"तुझीच की. चवथ्या ओळीतली."

आता काय करणार... दोन भाकऱ्या खाल्ल्या.