डोंगराचं भोक

कल्तुमा : ...म्हणजे उंटावर बसून हाडं खिळखिळी करून घेतली, ती हे भोक बघायला?

अश्ता : आई, भोक काय म्हणतेस? कमान आहे ती. सगळ्या एनेदीच्या डोंगरांत एवढी उंच दुसरी नाही.

कल्तुमा : मग उंच भोक म्हणू. माझ्या पखालीला पडलं असतं तर टाके घालून बुजवलं असतं. तुझ्या नवऱ्याने त्याच्या जिवावर संसार मांडलाय.

अश्ता : हळू बोल गं. बरकाई तिथेच बसलाय.

कल्तुमा : दिसतोय. तोंडाला फडकं, माझ्याकडे पाठ. सासूसमोर मुकं बसायचं, तेवढं मात्र आईने नीट शिकवलंय. विचार त्याला, बापाचे उंट कुठे गेले?

अश्ता : तुला ठाऊक आहे सगळं. दुष्काळात निम्मे मेले, उरलेले मरायच्या आधी विकले.

कल्तुमा : आणि घेतलं काय, तर डबडं! वाळूत रुतलं की त्याच्यापुढे लोटांगण घालायचं.

अश्ता : गाडीला चारा लागत नाही.

कल्तुमा : दूधही देत नाही. आणि त्यातून आणतो कोणाला? लाल नाकाच्या पाहुण्यांना. ते भोकाकडे आ वासून बघतात, आणि हा बाप्या त्यांच्यासाठी तंबू ठोकतो. तंबू! आपल्यात ते बायकांचं काम. लाज कशी वाटत नाही?

अश्ता : त्यात लाज कसली? मीही ठोकते की त्याच्याबरोबर.

कल्तुमा : पुरे झालं. उद्या चल माझ्यासोबत.

अश्ता : आणि चार माणसांत कारण काय सांगशील? मारत नाही, उपाशी ठेवत नाही.

कल्तुमा : तीच तर पंचाईत आहे! एकदा माझ्याशी तोंड उघडलं असतं ना, त्याच दिवशी तुला घेऊन गेले असते. सासूशी बोलणाऱ्याच्या घरात बायको ठेवत नाहीत आपल्यात. कुणी हूं की चूं केलं नसतं. पण मेला पक्का आहे.

अश्ता : मला जायचंच नाहीये, आई.

कल्तुमा : तुला काय कळतं? थांब, वर जाऊनच बघते, काय सोनं लागलंय या भोकाला.

अश्ता : नको ना! दगड भुरभुरीत आहे तिथला.

कल्तुमा : बकऱ्यांमागे असले कडे तुझ्या जन्माआधी चढलेय मी. हं, हे बघ, आले! आता सांग, दिसतं काय इथून? अलीकडे वाळू, पलीकडे वाळू. हेच बघायला ते मूर्ख—

बरकाई : आई, मागे सरका! तिथे पाय टाकू नका, खाली पोकळ आहे! डावीकडे या, डावीकडे!

(कड्याचा एक तुकडा सुटून खाली आदळतो. अश्ता धावत वर चढते.)

अश्ता : आई! लागलं का गं? धर माझा हात. सावकाश उतर.

कल्तुमा : सोड, काही झालेलं नाही. बूड टेकू दे आधी.

अश्ता : आई, ऐक ना... घाबरून बोलला तो. भान राहिलं नाही त्याला. बघ कसा बसलाय, डोकं गुडघ्यांत घालून. पाया पडते तुझ्या, एवढ्यावरून मला नेऊ नकोस.

कल्तुमा : कोण बोलला?

अश्ता : बरकाई. तुझ्याशी.

कल्तुमा : काहीतरीच! जावई बोलेल माझ्याशी? वारा असेल. डोंगराला एवढं भोक पडल्यावर वारा काहीही बरळणार.

अश्ता : म्हणजे... मी इथेच राहू?

कल्तुमा : वारा ओरडला म्हणून कुणी पोरीला माहेरी नेतं का? चहा ओत. साखर सढळ हाताने घाल.

अश्ता : हो, हो, ओतते.

कल्तुमा : आणि ऐक.

अश्ता : काय?

कल्तुमा : इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ऐकला. आवाज बरा आहे वाऱ्याचा.