निवृत्तीचा पहारा

(मोताळ्याजवळचं गाव. सप्त्याची दुपार. देवळात अन्नपूर्णा गळ्यात वीणा घेऊन उभी. यष्टीतून उतरलेला शालिग्राम पायरीवर टेकलेला.)

अन्नपूर्णा: तिथं काऊन बसला? जवळ ये. कोन्या कीर्तनात ऐकली नसशीन अशी गोष्ट सांगते.

शालिग्राम: ओळख ना पाळख, अन् एकदम अरेतुरे? अन् बाईच्या गळ्यात वीणा! महाराष्ट्र राज्य झालं तं हेही झालं काय?

अन्नपूर्णा: माह्या घरचा पहारा हाये, शालिग्राम. मी मागून घेतला.

शालिग्राम: माहं नाव कसं ठाऊक तुमाले?

अन्नपूर्णा: तेच गोष्टीत हाये. माहे पणजोबा, पुंजाजी. सप्त्यात त्याईचा पहारा होता, अन् ते अमडापूरच्या कुस्त्याईले निघून गेले. आधीचा पहारेकरी निवृत्ती वाट पाहत उभा. दुसऱ्याच्या गळ्यात देल्याशिवाय वीणा खाली ठेवता येत नाही ना!

शालिग्राम: मंग?

अन्नपूर्णा: रात गेली, दिवस गेला. शेवटी वीणेसकट कोसळला बिचारा. पडता पडता म्हने, "पुंजाजी मले विसरला. त्याच्या घरच्या लेकीवर जो जीव लावन, तो गावची शीव ओलांडली का तिले विसरन."

शालिग्राम: अन् खरंच विसरतात?

अन्नपूर्णा: रुखमाआत्याचा विसरला, ते अजून बिनलग्नाची हाये. माहा परवा मलकापूरले गेला. आज आला, तं मले "तुमी" म्हनून राह्यला.

शालिग्राम: मी? नाही हो बाई, गरिबाची चेष्टा नका करू... पन एक सांगू? थैलीत हिरव्या बांगड्या हायेत. खिशात मापाचा दोरा निघाला, म्हनून घेतल्या. कोनाचा, ते मलकापूरपासून आठवून राह्यलो.

अन्नपूर्णा: आठव ना रे! उद्या तुहे बाबा आमच्या घरी सोयरीक घेऊन येनार. तूच "कोनती पोरगी" म्हनशीन, तं ते कायले येतीन?

शालिग्राम: घडीघडी पाय बदलून राह्यल्या तुमी. कवाच्या उभ्या हायात?

अन्नपूर्णा: सकाळच्या आरतीपासून. पुढचा पहारा तुळशीरामकाकाचा. जेवून घोरत असतीन.

शालिग्राम: मंग ठेवा खाली. कोन पाह्यते?

अन्नपूर्णा: निवृत्ती पाह्यते.

शालिग्राम: आना इकडं. मी उभा राह्यतो.

अन्नपूर्णा: मी आठवत नाही, तरी?

शालिग्राम: पाय तं दुखून राह्यले ना? त्याले ओळख कायले लागते! वाका जराशा, दोरी अडकली... हां, आली माह्या गळ्यात. आता एकमेकाच्या पाया पडायची रीत.

अन्नपूर्णा: हे पडली.

शालिग्राम: ...अनपूर्णे!

अन्नपूर्णा: काय म्हनलं?

शालिग्राम: दोरा तुनंच देल्ता. तीनदा बजावलं, ढिल्या आनशीन तं वापस पाठवीन! घाल, पाह्य बरं.

अन्नपूर्णा: येड्या, देवळात रडवतं काय मले? निवृत्तीसाठी कोनी आलं नव्हतं रे. माह्यासाठी तू आला.

शालिग्राम: आता नाही विसरत तुले.

अन्नपूर्णा: माहं राहू दे. पहारा संपेपर्यंत उभा हायेस ना? तवर त्या निवृत्तीची आठवण ठेवजो.