मी चढून पाहिली आहे

हॅलो?… हां, बोल चिमे… कुठे असणार? शिडीवर!… अगं तीच, तू परवा कारखान्यातून पाठवलेली. माळ्यावरून तुझ्या लहानपणीच्या दुपट्यांची पेटी काढतेय. दोन महिन्यांत लागतील की… काय? मोठ्याने बोल, मागे यंत्रं खडखडतायत… उतरू? का?… अगं किंचाळू नकोस, या दिवसांत बरं नाही… बरं बाई, उतरते. हा एक पाय… हा दुसरा… झालं. जमिनीवर आहे. जीवच घाबरा केलास माझा!

आता नीट सांग… पायरी निखळली? कुणाच्या पायाखाली?… मिस्त्रींच्या. लागलं का त्यांना?… नशीब… पायऱ्या धरणारे रिव्हेट आखूड? सगळ्याच शिड्यांना?… मग तू चढलीस तेव्हा कळलं कसं नाही? पाय आपटला की पायरी डुगडुगतेच लगेच…

चिमे?… हॅलो? आहेस ना?

अगं रडतेस काय… हळू… काय म्हणालीस? चढलीच नव्हतीस?

…

हो, हो… ठाऊक आहे गं, सातवा महिना. चढायचं नाहीच! कोण म्हणतंय चढायला हवं होतंस? तू पोटात होतीस तेव्हा मी तरी कुठे चढत होते? बाबा चढायचे. पण मग लेबलवर सही बाबांचीच असायची… हो, तेच म्हणतेय मी. आपल्या लेबलवर ओळ ती केवढी, ‘मी चढून पाहिली आहे’. मालकाने वरच्या पायरीवर तीनदा पाय आपटायचे, मगच सही. तीस वर्षं दुसरं काय विकलं आपण?…

नाही, रागावले नाहीये… रागावलेय थोडी. पण जीव आहे तो आहेच तुझ्यावर. नाक पूस आधी.

किती गेल्या?… अडतीस… ‘अजून कुणाची तक्रार नाही’ हे मिस्त्री म्हणाले की तू?… तू. हं… हळूहळू गुपचूप बदलून घ्यायच्या? किती दिवसांत?… आणि पंधरा दिवस लोकांनी काय, शिडीकडे नुसतं बघत बसायचं?… हो, ऐकतेय… रंगकामवाले उद्या येतायत, दोनशे शिड्या हव्यात त्यांना, कळलं… जाईल ऑर्डर. जाऊ शकते. खोटा धीर नाही देणार मी तुला…

मिस्त्रींवर ढकलायचं? खबरदार!… ते स्वतःच म्हणतायत माझं नाव सांगा? तो त्यांचा मोठेपणा. तू घ्यायचा नाहीस. सही कुणाची?… मग!

अगं ऐक ना… ऐक तर. पायरी निखळल्याबरोबर पहिला फोन कुणाला केलास?… मला. का?… आई चढली असेल म्हणून. हो ना?…

उरलेल्या सदतीस घरांतही कुणीतरी चढलेलं असेल गं, राणी.

…

हां… रड. रडून घे. मग पाणी पी.

हमीच्या कार्डांवर नंबर आहेत ना?… पहिलं कार्ड कुणाचं?… शाळेतल्या माळीबुवांचं? अरे देवा, सत्तरीतही झाडावर चढणारा माणूस तो. लाव, आधी त्यांनाच लाव… नाही, मी नाही करणार. तुझी सही, तुझाच फोन… शिव्या देतील? देऊ देत. दोन शिव्या खाऊन कुणी मरत नाही, शिडीवरून पडून मरतं…

सुरुवात कशी करू म्हणजे? मला काय म्हणालीस मघाशी? ‘आई, आधी खाली उतर, मग सांगते.’ तेच म्हण. ‘आई’ तेवढं गाळ…

हसलीस? बरं वाटलं… पेटी राहू दे गं वरच, दुपटी कुठे पळून जातायत? मी बसलेय इथेच, भिंतीला टेकून. सदतीस फोन झाले की अडतिसावा मला कर…

ठेव आता… अगं हो, मी खालीच आहे. ते माळीबुवा चढायच्या आत ठेव!