बारशाला अडलेलं खरेदीखत

...आणि वकील म्हणतात काय, तर "आजी, सगळं झालंय, एक सही राहिलीय फक्त." तुम्हाला सांगते, हे 'फक्त' ऐकून ऐकून माझे उरलेसुरले काळे केसही पांढरे झाले!

मी भागिरथी. सगळा जन्म शेवगावात भाड्याच्या खोलीत गेला. शाळेची पायरी चढले नाही, पेठेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं शिकले. म्हणून मनात एकच होतं... मरायच्या आधी एक पाटी आपल्या नावाची, आपल्या दारावर. छगनचं दोन खोल्यांचं घर ठरलं, विसार दिला, आणि मी शहाणीनं काय केलं? खरेदीखताच्या आधीच पेंटरकडून 'भागिरथी निवास' रंगवून घेतलं. पोटातल्या पोराला टोपडं शिवू नये म्हणतात, ते काय उगाच?

सहादेव वकिलांनी उतारे काढले. घर छगनच्या वाडवडिलांचं, त्यात बहिणीचा हिस्सा, तेव्हा गोजरबाईची सही लागणार. मी छगनकडं बघितलं, तर हा छताकडं बघतोय. म्हटलं, काय रे? तर म्हणे, "आक्का बोलत न्हाई माझ्याशी." का? तर ह्याच्या पोरीच्या बारशाला तिला बोलवायचं राहिलं! अहो, एक वेळ नवऱ्याशिवाय लग्न लागेल, पण आत्याशिवाय बारसं? कानात नाव सांगायचा मान कुणाचा? आणि ह्यांनी सासुरवाडीचं ऐकून परस्पर 'राजनंदिनी' ठेवून मोकळं व्हायचं?

गेले, एसट्या बदलत पुणतांब्याला गेले. गोजरबाईनं चहा दिला, भजी दिली, सगळं निवांत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सही देते. हिस्साबी नको मला. पण बारसं पुन्यांदा करा. नाव मी ठेवीन."

म्हटलं, बाई, ती पोर आता कॉलेजात जाती, स्कुटी चालवती.

"मग पाळना मोठा आना."

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? इकडं घरमालक खोली कधी सोडता म्हणून रोज दारात. एक सही राहिलीय फक्त! केलं हो, केलं बारसं. पाहुण्यांच्या सोयीनं दिवस ठरता ठरता चार महिने गेले, पण केलं. राजनंदिनी खुर्चीत तोंड फुगवून, पाळण्यात टोपडं घातलेला वरवंटा, आणि घुगऱ्या कुणी शिजवल्या? मीच, जिला घर घ्यायचंय तिनं! आम्ही बायका तो वरवंटा 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करत पाळण्याखालून फिरवतोय, वकील कोपऱ्यात घुगऱ्या खातायत... गोजरबाईनं पोरीच्या कानाला तोंड लावून कुर्र केलं आणि आपल्या आईचं नाव ठेवलं. दगडाबाई. रीतीप्रमाणं आम्ही आत्याच्या पाठीत धपाटे घातले. माझा जरा जोरात बसला असेल.

पण बाई शब्दाची पक्की. दुसऱ्या दिवशी वकिलांच्या टेबलावर सही ठोकून गेली. मी पाटी पुसली, खिळे आणले. वकील कागद चाळत होते, चाळता चाळता थांबले.

"छगन, पोरगी अठराची झाली का रे?"

छगन म्हणाला, "मागच्याच महिन्यात की."

"मग झालं. अज्ञान होती तोवर बापाच्या सहीवर भागत होतं. आता तिचीबी लागणार. आजी, एक सही राहिलीय फक्त."

आणि ती कशाला देते? आत्यानं बारशाचं शूटिंग मोबाईलवर सगळ्या गावाला दाखवलेलं, अख्खं कॉलेज पोरीला 'दगडू' म्हणतंय. तिच्यापुढं हात जोडले तर म्हणाली, "आजी, आधी माझं नाव मला परत द्या. त्याच आत्याच्या तोंडून." आत्याला फोन केला तर ती म्हणे, "कानात सांगितल्यालं नाव माघारी घेत नसत्यात. घ्यायला लावलं, तर सही पन माघारी घेईन."

आता दोघींच्या मधे मी. घरमालकानं दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. पाटीचं म्हणाल, तर ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलीय, अगदी मापाची निघाली. रोज भाकरीच्या वेळी 'भागिरथी निवास' उचलते, पीठ घेते, परत ठेवते. परवा बघते तर पिठात किडे झालेले. चाळायला घेतलं आणि हात थांबला. म्हटलं, राहू दे... निवासात कुणीतरी राहतंय, तेही बिनसहीचं.