बांधावरचा कडुलिंब

तेलगावच्या थांब्यावर एसटी येईना. ती कुठवर आली ते मोबाइलच्या नकाशावर बघता बघता सायलीचे कान मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांकडं लागले.

“विठ्ठलराव, मोजणी झाली का?”

“झाली. गावानं मिळून केलेला नकाशाच चुकला म्हणले मोजणीवाले.”

“कावून?”

“निम्मी वावरं जुन्या नकाशावरून घेतली, निम्मी मोबाइलवरून. दोन्हीची मोजायची पद्धत येगळी. आधी एका पद्धतीत आणून मग जोडायची असत्यात. आमी तशीच जोडली. नकाशात माझा बांध पार शेजारच्या कचरूच्या वावरात सरकला.”

“मंजी लिंब?”

“बांधावरच व्हता. दोघांचा.”

“अन् तुमी तोडला.”

“नकाशात माझ्याकडं दिसला. सावलीखाली कापूस येत नव्हता, म्हणून तोडला. कचरू नुसता बघत उभा राहिला.”

“त्याला सांगितलं का आता?”

“काल गेलतो. उन्हात बसून एकलाच भाकर खात व्हता. आजवर आमी दोघं लिंबाखालीच जेवलो.”

“मग बसायचं त्याच्यापाशी.”

“त्यानं बस म्हणलं न्हाई. म्हणला, बसा म्हणायला सावली कुठं हाय, मालक.”

“मालक म्हणला?”

“आजवर इठ्ठल म्हणायचा.”