घाटावरची गाठ

“‘पुराची खबर आली का डोंगा शाळेपाशी बांधजो,’ माय सांगून गेली होती ना तुमाले?”

रेशनच्या रांगेत माझ्यापुढे रंभाबाई नवऱ्याला विचारत होती. माझा जप तिथंच थांबला.

“होती,” इस्तारीभाऊ म्हणाले.

“मंग मागच्या पुरात घाटावर काऊन बांधला?”

“वाहून जाईन म्हणून.”

“नाईच गेला. डोंगा वर, गाठ पाण्याखाली. अन् तुमी बुड्या मारून राह्यले होते.”

“गाठ पक्की होती पण.”

“लय पक्की. शेजारची पोटुशी जया छतावर अडकून तारीफच करत होती. यंदा कडेवर लेकरू आहे तिच्या. यंदा शाळेपाशी बांधीन म्हणून शब्द देल्ला ना तिले?”

“देल्ला. पण आभाळ तर मोकळं आहे.”

“मोबाईलवर सकाळीच आलं, धरणाचे दरवाजे उघडले. आभाळाले विचारून उघडतेत का?”

पुढचाच नंबर त्यांचा होता. भाऊंनी रिकामी थैली बायकोच्या हातात दिली आणि घाटाकडे चालू लागले.