ठिपक्यांची चाल

शेलूबाजारच्या स्टँडवर पानाबाई गाडीची वाट पाहत बसली होती. शेजारच्या दोघी बाया बोलायला लागल्या, तसे तिचे कान तिकडे लागले.

“कालेजवाल्यायनं कायले बलावलं होतं तुले?”

“मानूस वझं घेऊन कसा चालते, ते शिकून राह्यले ते. मरायच्या आंधी आमच्या घरधन्याच्या गुडघ्याले, कोपराले चमकत्या पट्ट्या लावून पोतं घेऊन चालवलं होतं. त्याचा शिनेमा दाखवला.”

“दिसले मंग?”

“तोंड नाई दिसलं. अंधारात निस्ते ठिपके चालत होते. माहा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे गेला.”

“म्हंजे ओयखलं तू.”

“साह्यबानंबी तेच इचारलं. मी नाई म्हनलं.”

“काहून व?”

“हो म्हनलं असतं, त त्यानं पुन्हा चालवलं असतं आमच्या यायले. पोतं अजून पाठीवरच होतं, बाई.”